बाबांचा स्पेक्ट्रम आणि माझा नऊचा पाढा

जुना कॉम्प्युटर, जुना व्हिडिओ गेम माळ्यावरून काढला आणि नव्या टीव्हीला जोडला, तर काय दिसतं? बहुतेक वेळा काहीच नाही! पण दोन वायर, एक कपॅसिटर आणि थोडी हिंमत असेल तर चित्र पालटू शकतं. अक्षरशः.

शनिवारची सकाळ. ऑफिसचा अख्खा ग्रुप लोणावळ्याला निघालेला आणि मी आमच्या डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून एका काळ्या कॉम्प्युटरचे स्क्रू काढत बसले होते. आई दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "दुपारी जेवायचंय त्या टेबलावर, लक्षात आहे ना?" बाबा मात्र काहीच बोलत नव्हते. ते खिडकीपाशी पेपर धरून बसले होते, पण अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलेलं नव्हतं.

कॉम्प्युटर त्यांचा होता ना!

डीबी स्पेक्ट्रम प्लस. नाव ऐकलंय? तिशीतल्या वाचकांनी बहुधा नसेल ऐकलेलं. १९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला आणि तिकडे घराघरांत कॉम्प्युटर पोचला. १९८४ साली त्याची जरा बऱ्या कीबोर्डची आवृत्ती निघाली, स्पेक्ट्रम प्लस. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तोच कॉम्प्युटर परवाना घेऊन ऐंशीच्या दशकात भारतात विकायला काढला. ४८ केबी मेमरी. हो, केबीच! तुमच्या फोनमधला एक सेल्फी त्यात मावणार नाही. हार्डडिस्क नाही, मॉनिटर नाही. प्रोग्रॅम कॅसेटवरून लोड करायचा आणि बघायचा घरच्या टीव्हीवर.

बाबा तेव्हा टेलिफोन खात्यात होते. १९८८ साली त्यांनी पीएफमधून पैसे काढून तो घेतला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आजी म्हणे महिनाभर त्यांच्याशी नीट बोलली नव्हती. त्यातून आलेला तो कॉम्प्युटर दादाने वापरला, मी वापरला आणि मग सगळ्यांचं होतं तेच त्याचं झालं. प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठ्याचं खोकं आणि माळा.

मागच्या दिवाळीत माळा आवरताना खोकं खाली आलं. त्यात एक कॅसेट होती. एका बाजूला अभंग आणि दुसऱ्या बाजूला बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'मनूचे पाढे'.

मनू म्हणजे मी. मी पहिलीत असताना बाबांनी माझ्यासाठी पाढ्यांचा प्रोग्रॅम लिहिला होता. स्क्रीनवर मोठे मराठी अंक यायचे. उत्तर बरोबर आलं की 'शाब्बास मनू', चुकलं की एक रडका बीप. मला त्यातला बीपच जास्त आठवतो. विशेषतः नऊच्या पाढ्याला. 'ही गणितात जरा कच्चीच' हे वाक्य माझ्या बाबतीत घरात कधी सुरू झालं ते मला नक्की सांगता येतं. तिथेच!

हौसेने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. पडद्यावर आलं नुसतं हिम. चॅनल शोधायला टीव्हीने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा हात टेकले. जुना डबडा टीव्ही आम्ही केव्हाच भंगारवाल्याला दिला होता, वर त्याला उचलून नेण्याबद्दल थँक्यूही म्हटलं होतं.

हॉलमधलं पिटुकलं दूरदर्शन

हे असं का होतं? कारण गमतीशीर आहे.

ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक घरगुती टीव्हींना मागे एकच तोंड असायचं, अँटेनाचं. त्यामुळे कॉम्प्युटर असो की व्हिडिओ गेम, त्याला टीव्हीत शिरायचं तर टीव्ही स्टेशनचंच सोंग घ्यावं लागायचं. त्यासाठी मशीनमध्ये एक पत्र्याची डबी असे. तिचं नाव आरएफ मॉड्युलेटर. मशीनने तयार केलेलं चित्र ही डबी रेडिओलहरीवर स्वार करून द्यायची आणि टीव्ही ते पुन्हा लहरीवरून उतरवून घ्यायचा. म्हणजे आपल्या हॉलमध्ये एक पिटुकलं दूरदर्शन केंद्र! मशीन आणि टीव्ही यांच्यात अंतर तीन फुटांचं, पण चित्राचा प्रवास म्हणजे सदाशिव पेठेतून नारायण पेठेत जायला व्हाया नाशिक. वाटेत ते दमणार, मळणार, मुंग्या येणार.

गंमत म्हणजे डबीत शिरण्याआधी तेच चित्र बऱ्यापैकी स्वच्छ असतं. त्या सिग्नलला म्हणतात कॉम्पोझिट. डीव्हीडी प्लेअरची ती पिवळी पिन आठवते? तेच ते. मग डबीला बगल देऊन चित्र थेट बाहेर काढलं तर? हाच तो 'व्हिडिओ मॉड'. जुन्या मशीनवाल्यांच्या जगात ही पहिली पायरी समजली जाते.

पहिली, कारण पुढे आख्खा जिना आहे. कॉम्पोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच वायरमधून गुण्यागोविंदाने जातात, म्हणजे खरं तर भांडत जातात. रंगाच्या कडेला मुंग्या चालल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. एस-व्हिडिओत दोघांना वेगळी वायर मिळते. आरजीबीत लाल, हिरवा, निळा असे तिघं वेगळे. आणि सगळ्यात वर एचडीएमआय. तिथे आकड्यांचं चित्र आकड्यांतच टीव्हीपर्यंत पोचतं, वाटेत कुणाचा हात लागत नाही.

कुठलं मशीन कुठपर्यंत चढेल हे मात्र त्याच्या जन्मावर ठरतं. सेगा मेगाड्राइव्हच्या मागच्या सॉकेटमध्ये आरजीबी पहिल्यापासून आहे, फक्त योग्य केबल हवी. ड्रीमकास्टमधून व्हीजीए निघतं. भारतात १९८४ साली सरकारच्या 'क्लास' योजनेत शाळाशाळांत जे बीबीसी मायक्रो आले, त्यांनाही मागे आरजीबीचं सॉकेट होतं. आज त्याला रास्पबेरी पाय झिरोवर चालणारी एक छोटी पाटी लावली की चित्र थेट एचडीएमआयवर येतं, उस्तऱ्याच्या धारेइतकं स्वच्छ.

निन्टेंडोच्या एनईएसची गोष्ट निराळी. त्याची चित्र काढणारी चिपच कॉम्पोझिट ओकते. आरजीबी तिच्याकडे मागूनही मिळत नाही. मग लोक काय करतात? ती चाळीस पायांची चिप बोर्डावरून उपटतात आणि तिच्याखाली एक नवी पाटी बसवतात. ती पाटी चिपचं बोलणं चोरून ऐकते आणि तेच चित्र नव्याने काढते. चाळीस पाय, एकही तुटू न देता! हे काम शिकाऊ हाताचं नाही.

आणि आपण नव्वदच्या दशकात खेळलो तो? उन्हाळ्याच्या सुट्टीतला, पिवळ्या कार्ट्रिजवाला, '९९९९९९ इन १' वाला टीव्ही गेम? मन घट्ट करा. तो बहुतेकांच्या घरी एनईएस नव्हताच, त्याची नक्कल होती. त्यातल्या बऱ्याच नकलांमध्ये सगळ्या चिपा एकाच काळ्या डांबरी थेंबाखाली पुरलेल्या असतात. तिथे उपटायला काहीच नाही. कॉम्पोझिट मिळालं तर नशीब समजा.

"चालतंय ना, मग उघडतेस कशाला?"

तर आमचा स्पेक्ट्रम. कॉम्पोझिट मॉडसाठी हे मशीन तसं सोपं. दोन वायर सोडवायच्या, एक जोडायची. नेटवर बघितलं तर पाच मिनिटांचं काम. पण नेटवर बाबा नसतात.

"चालतंय ना ते? मग उघडतेस कशाला?" बाबा म्हणाले.

"बाबा, चालतंय पण दिसत नाही."

"मग जुना टीव्ही आण एखादा जुन्या बाजारातून. मशीनला कापाकापी नको."

खरं सांगू? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. या छंदात हाच मोठा वाद आहे. एक बाजू म्हणते, जुनी वस्तू जशी होती तशी जपा. भोक पाडू नका, ट्रॅक कापू नका. एकदा कापलेलं परत येत नाही. दुसरी बाजू म्हणते, जे वापरता येत नाही ते जपून तरी काय करायचं? शोकेसमध्ये ठेवायला घेतलं होतं का?

आमचा तह झाला दोन अटींवर. एक, जे करीन ते परत होतं तसं करता आलं पाहिजे. केसला भोक पाडायचं नाही. जुनंच सॉकेट वापरायचं. दोन, आधी कॅसेट वाचवायची.

दुसरी अट बाबांची आणि ती शंभर टक्के बरोबर होती. मशीन जळलं तर दुसरं कुठेतरी मिळेल. 'मनूचे पाढे' जगात एकच होतं.

म्हणून पहिला वीकेंड गेला टेपरेकॉर्डरमध्ये. शेजारच्या काकूंकडून रेकॉर्डर आणला. त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कापूस काळा निघाला! मग हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली आणि सगळी बाजू ध्वनी म्हणून साठवून ठेवली. आधी चिंऽऽ असा लांब सूर, मग कर्कश चरचर. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगंबाई, हा आवाज! किती वर्षांनी!"

ती फाइल लॅपटॉपवरच एम्युलेटरमध्ये चालवून बघता आली असती. ठरवून नाही बघितली. पहिल्यांदा बघायचं ते बाबांच्याच मशीनवर, असं मनाशी म्हटलं होतं. थोडा वेडेपणा म्हणा, पण लोणावळा सोडून घरी बसणाऱ्या माणसाला तेवढा माफ असावा.

ऑपरेशन टेबल

सोल्डरिंग आयर्न, शिसं, डिसोल्डर पंप हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळालं. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड गाठावा. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मागितला तर दुकानदाराने विचारलं, "किती व्होल्टचा?" मी गप्प. मागून बाबा म्हणाले, "सोळा दे." मला वाटलं होतं ते गाडीत बसलेत!

केस उघडताना पहिला धोका कीबोर्डचा. त्याच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या ठिसूळ होतात. सरळ वर ओढायच्या, वाकवायच्या नाहीत. आमची एक पट्टी तरीही कडेला तडकली. नवा मेम्ब्रेन परदेशातून मागवावा लागला. त्याची वाट बघण्यात तीन आठवडे गेले आणि बाबांना 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' म्हणायला तीन आठवडे मिळाले. ते एकदाही म्हणाले नाहीत, हे मात्र नोंदवायला हवं.

मेम्ब्रेन आला तो हा शनिवार. पत्र्याच्या डबीचं झाकण निघालं. आत बोर्डाकडून दोन वायर येतात. एक पाच व्होल्ट वीज, दुसरी चित्र. डबीतून एक छोटा रेझिस्टर बाहेरच्या सॉकेटला जातो. काम इतकंच, की रेझिस्टरचं सॉकेटकडचं टोक सोडवायचं, दोन्ही वायर डबीपासून सोडवायच्या आणि चित्राची वायर कपॅसिटरमार्फत थेट सॉकेटच्या मधल्या पिनला जोडायची. कपॅसिटरची अधिक बाजू बोर्डाकडे.

माझा हात थरथरत होता. बाबा उठून आले, बाजूला उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर हेच काम केलंय. पण आता त्यांचा उजवा हात पेनसुद्धा स्थिर धरत नाही. म्हणून ते खिडकीपाशी बसले होते, हे मला तेव्हा कळलं. रागाने नव्हे.

"शिसं आयर्नला नको लावू. जॉइंटला लाव. आधी तो तापू दे. एक, दोन... हां, आता."

जॉइंट चमकला. बाबांच्या आवाजात मी तो लावला होता!

स्वतःवर खूश होऊन मी पॉवर जोडली. आवाज नाही. स्क्रीन काळी. दोन सेकंदांत बाबांनी प्लग खेचला होता. "वास आला मला," ते म्हणाले. मशीनमधला व्होल्टेज रेग्युलेटर, ७८०५ त्याचं नाव, चटका बसेल इतका तापला होता.

त्या पाच मिनिटांत मला काय वाटलं ते लिहीत नाही. ज्यांनी कधी प्रॉडक्शन सर्व्हरवर चुकीची कमांड मारलीय त्यांना कळेल. फक्त इथे बॅकअप नव्हता, आणि बॉसच्या जागी शेजारी वडील उभे होते.

चूक शोधली ती बाबांनी, चष्मा कपाळावर सारून. सोडवलेली पाच व्होल्टची वायर मी मोकळीच सोडली होती आणि तिचं टोक पत्र्याच्या डबीला टेकलं होतं. सरळ शॉर्ट. "शहाणा आहे हा ७८०५," बाबा म्हणाले. "करंट वाढला की स्वतःला आवरतो. चल, टोकाला टेप लाव."

टेप लावली. पाच मिनिटं सगळं थंड होऊ दिलं. पुन्हा प्लग. यावेळी स्विच बाबांनी दाबला.

आता टीव्ही रुसला!

चित्र आलं. अर्धा सेकंद. मग टीव्ही म्हणाला, 'नो सिग्नल'.

इथे बहुतेक जण हार मानतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. दूरदर्शनचं चित्र ६२५ ओळींचं, दोन हप्त्यांत यायचं. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. जुने कॉम्प्युटर आणि गेम मात्र एकच हप्ता पुन्हा पुन्हा पाठवतात. जुन्या टीव्हीला त्याचं काही वाटत नसे. नवा टीव्ही गोंधळतो. काही सरळ नकार देतात. काही त्याला दोन हप्त्यांचं चित्र समजून 'सुधारायला' जातात, मग कडा थरथरतात आणि बटण दाबल्यावर मारिओ जरा विचार करून उडी मारतो.

बाजारात मिळणारे कॉम्पोझिटचे एचडीएमआय करणारे स्वस्त डबे बहुधा हाच घोळ घालतात. मी एक आणला. चित्र आलं, पण तूप लावलेल्या काचेतून बघावं तसं. मग जुन्या गेमसाठी खास बनवलेले डबे असतात त्याकडे वळले. रेट्रोटिंक हे त्यातलं ओळखीचं नाव. कॉम्पोझिट घेतो, प्रत्येक ओळ दुप्पट करतो आणि उशीर न लावता एचडीएमआयवर देतो. ओएसएससी हा दुसरा प्रसिद्ध डबा, पण मूळ ओएसएससी कॉम्पोझिट घेत नाही, हे विकत घेण्याआधी वाचा. मित्राने त्याचा रेट्रोटिंक दोन दिवसांसाठी दिला. (मित्रा, तो अजून माझ्याकडेच आहे. माहितीये मला.)

चौकट : तुम्हालाही करायचंय?

• पॉवरकडे आधी बघा. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्ट अडॅप्टरच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, बऱ्याच साध्या अडॅप्टरच्या उलट. घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर खुपसलात तर मॉड करायला मशीन उरणार नाही.

• जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात, गळतात. केस उघडलीच आहे तर तेही तपासा.

• सोडवलेल्या प्रत्येक वायरचं टोक झाका. (माझ्यावरून शिका!)

• पहिला जॉइंट आजोबांच्या मशीनवर करू नका. मोडक्या रेडिओच्या बोर्डावर दहा जॉइंट घोटा.

• जुन्या काचेच्या टीव्हीचं मागचं झाकण अजिबात उघडू नका. बंद केल्यावरही त्यात जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

• केबल बदलून काम होत असेल तर मॉड करू नका. आधी मागचं सॉकेट नीट ओळखा.

• काय गमावणार तेही जाणून घ्या. १९९१ सालच्या सॉनिकमधले धबधबे उभ्या रेघांनी रंगवलेत. धूसर कॉम्पोझिटवर त्या रेघा मिसळून पाणी पारदर्शक दिसतं, स्वच्छ आरजीबीवर नुसत्या पट्ट्या. आणि डक हंटची बंदूक? ती काचेच्या टीव्हीसाठीच जन्मली. सपाट टीव्हीवर बदकं अमर आहेत.

एक ठिपका

रात्रीचे नऊ. टीव्हीवर पांढरा पडदा आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची कॉपीराइटची ओळ. इतकी ठळक, की आई म्हणाली, "हे असं दिसायचं होय?"

कॅसेट लावली. कडेला लाल-आकाशी पट्टे धावले, मग निळे-पिवळे. आणि मग, 'टेप लोडिंग एरर'. टेप थकली होती. लॅपटॉपमधली फाइल काढली, आवाज पूर्ण वाढवला. स्पेक्ट्रमला ओरडूनच सांगावं लागतं. पट्टे पुन्हा धावले. कुणी बोललं नाही.

आणि पडद्यावर मराठी अंक आले.

इथे एक सांगायला हवं. स्पेक्ट्रममध्ये आपण स्वतः काढलेली एकवीस अक्षरं ठेवता येतात. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकटींचं. बाबांनी चौकटीच्या वहीवर एकेक अंक रंगवला होता. भरलेली चौकट म्हणजे एक, रिकामी म्हणजे शून्य. असे आठ आकडे एका अक्षराला. दहा जागा अंकांना आणि उरलेल्या अकरांत त्यांनी 'शाब्बास मनू' बसवलं होतं. खात्यातून संध्याकाळी घरी आल्यावर, फॉण्ट वगैरे शब्द घरात कुणी ऐकलेले नसताना!

मी कीबोर्ड पुढे ओढला. सात चोक? अठ्ठावीस. शाब्बास मनू. आठ सक? अठ्ठेचाळीस. शाब्बास मनू. आई हसत होती. मग पुढचा प्रश्न आला आणि मी थांबले.

"बाबा, हा एक आहे की नऊ?"

"नऊ आहे. नीट बघ."

'नीट बघ.' सत्तावीस वर्षांपूर्वीचे तेच दोन शब्द! मी खुर्ची सोडून टीव्हीजवळ गेले. पाठोपाठ बाबाही आले. ९च्या डावीकडे जी छोटी शेंडी असते ना, ज्यामुळे तो १पेक्षा वेगळा दिसतो, ती होती. पण एकाच ठिपक्याची. सगळ्या अंकांमध्ये तेवढा एक एकटा ठिपका. आज स्वच्छ पडद्यावर, नाक लावून बघितल्यावर तो दिसत होता. जुन्या टीव्हीच्या मुंग्यांमध्ये तो कधी दिसलाच नसणार.

म्हणजे मी पहिलीत 'एक चोक चार' म्हणत होते. आणि ते बरोबर होतं.

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "चौकटीची वही आहे का घरात?"

भाचीची होती. बाबांनी पेन्सिल घेतली. आठ बाय आठचा चौकोन आखला, वाकडातिकडा, हात थरथरत होता तरी आखला. जुना ९ काढला. मग शेंडीच्या बाजूची एक रिकामी चौकट गडद केली. प्रोग्रॅम थांबवून नऊच्या आकड्यांची ओळ काढायला सांगितली. तिसऱ्या आकड्यात एका जागी शून्य होतं, तिथे त्यांनी एक करायला लावला. फक्त तेवढंच.

पुन्हा रन केलं. नऊ चोक?

मी छत्तीस दाबलं. पडद्यावर माझं नाव आलं, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "गणितात कच्ची नव्हतीस गं तू. टीव्ही कच्चा होता." जरा थांबून, "आणि मीही."

डायनिंग टेबल त्या रात्री दहा वाजता मोकळं झालं. जेवण गार झालं होतं, पण आईने एक शब्द काढला नाही. ती कीबोर्डसमोर बसून तेराचा पाढा सोडवत होती.